बेवारस कोण? धातू की माणूस?

कायद्याच्या परिभाषेत 'बेवारस' या शब्दाला निश्चित अर्थ आहे. मालक मृत्यू पावला व मागे कोणी वारस उरला नाही, तर त्याची मालमत्ता सरकारजमा होते. भारतीय संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदात ही तरतूद आहे. ज्या वस्तूला कोणी नाही तिला अखेर राज्य आहे, असा हा दंडक आहे; आणि जमिनीचा तुकडा वा पडके घर बेवारस निघाले तर हा दंडक अमलात आणण्यास सरकारी यंत्रणेला फारसा वेळ लागत नाही, हा अनुभव आपणा सर्वांस आहे.

परंतु या जगात अशी एक वस्तू आहे की जी बेवारस झाली असता सरकारच्या खजिन्यात जात नाही. ती भंगार वेचणाऱ्याच्या हातात जाते. ती वस्तू म्हणजे किरणोत्सारी धातू. ज्याचा मालक सापडत नाही अशा किरणोत्सारी तुकड्याला जगभरचे तज्ज्ञ 'अनाथ', 'बेवारस' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. या नावालाच आमचा पहिला आक्षेप आहे.

बंधुभगिनींनो, कोबाल्ट-६० हा धातू जमिनीत सापडत नाही. तो अणुभट्टीत मुद्दाम तयार करावा लागतो. तयार झाल्यावर तो पोलादी नळीत बंद केला जातो, त्याची शक्ती मोजली जाते, त्याला क्रमांक दिला जातो, आणि परवाना पाहूनच तो विकला जातो. कर्करोगावरील उपचारासाठी, शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करण्यासाठी, कारखान्यांतील मोजमापासाठी व प्रयोगशाळांतील संशोधनासाठी असे पदार्थ वापरले जातात. त्यांचा उपयोग मोठा आहे हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याच्या जन्माची नोंद इतक्या काटेकोरपणे ठेवली जाते तो पदार्थ जन्मतः अनाथ असूच शकत नाही. त्याला कोणीतरी अनाथ करतो. कोणाच्या तरी सहीने, कोणाच्या तरी आळसाने, कोणाच्या तरी बेपर्वाईने तो घराबाहेर टाकला जातो. आणि ज्याच्या अंगावर तो पडतो तो मनुष्य मात्र या समाजव्यवस्थेत खरोखरच बेवारस असतो.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. दिल्लीच्या मायापुरी भागात २०१० साली काय घडले ते पाहा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक संशोधन यंत्र होते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी ते कॅनडातील कंपनीकडून घेतलेले होते आणि १९८५ पासून ते वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाबरोबर त्या यंत्राचाही लिलाव केला. मायापुरीच्या भंगार बाजारात ते आले. तेथील कामगारांनी शिसे व लोखंड वेगळे काढण्यासाठी ते फोडले, कापले. आतील कोबाल्टच्या सळ्यांचे तुकडे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले. त्यांतील एक लहानसा तुकडा तर एका माणसाने आपल्या खिशातील पाकिटात ठेवला होता. लोकांचे केस गळू लागले, कातडी काळी पडू लागली, उलट्या होऊ लागल्या. ७ एप्रिल रोजी एका रुग्णालयाने अणुऊर्जा नियामक मंडळास कळविले की दाखल झालेल्या रुग्णाची लक्षणे किरणोत्सर्गाची दिसतात. त्यानंतर तज्ज्ञ आले, यंत्रे आली, तुकडे गोळा झाले. २६ एप्रिल रोजी एक कामगार मृत्यू पावला. अशा घटनांची तीव्रता मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय कोष्टक शून्यापासून सातपर्यंत आहे, त्यावर ही घटना चौथ्या पायरीची ठरली.

कोबाल्ट-६० ची शक्ती दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते. चाळीस वर्षांचा हिशेब केला तर ती मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर येते. तेवढी उरलेली शक्तीसुद्धा एका धडधाकट माणसाचा जीव घेण्यास पुरेशी झाली! मृत कामगाराची जात कोणती, हा आमचा प्रश्न नाही. आमचा प्रश्न त्या कामाच्या जातीचा आहे. दुसऱ्याने टाकलेले उचलावे, हाताने फोडावे, त्यातून पोट भरावे, हे काम या देशात कोणाच्या वाट्यास आले व का आले, हे आपणांस सांगावयास नको.

आता यंत्रांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांचा चटका तत्काळ जाणवत नाही. परंतु त्यांना ओळखणे विज्ञानास अवघड नाही. मालमोटारीच्या वाटेवर दोन बाजूंस दोन खांब उभे करतात. त्यांत विशिष्ट प्लास्टिकचे मोठे फलक असतात. त्यावर किरण आदळला की अतिशय सूक्ष्म असा प्रकाश चमकतो. ते चमकणे विद्युत्-यंत्र मोजते. जमिनीतून व आकाशातून नेहमी येणारे किरण असतातच; त्यांच्या नित्याच्या प्रमाणाहून मोजणी अधिक झाली की घंटा वाजते. मोटार त्या कमानीतून सावकाश न्यावी लागते, एवढीच अट. कधी कधी खत, फरशी, ग्रॅनाइट यांनीही घंटा वाजते, कारण त्यांत निसर्गतःच थोडे किरणोत्सारी अंश असतात. म्हणून घंटा वाजल्यावर हातात धरावयाच्या दुसऱ्या यंत्राने तपासतात. ते यंत्र किरणांच्या ऊर्जेवरून पदार्थ कोणता तेही सांगते. अशी यंत्रे परदेशातच होतात असे नाही. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही ती विकसित केली आहेत.

विद्या आहे, यंत्र आहे, कारागीर आहेत. मग मायापुरीत किरणोत्सर्ग ओळखला कोणी? विद्यापीठाच्या दारात यंत्र नव्हते. बाजाराच्या तोंडाशी यंत्र नव्हते. दुकानात यंत्र नव्हते. ओळखला तो कामगाराच्या कातडीने. माणसाचे शरीर हेच तेथे मोजमापाचे यंत्र ठरले, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत यंत्र निकामी झाले. यापेक्षा कठोर शब्द आमच्याजवळ नाहीत.

हे एकट्या दिल्लीतच घडले असे कोणी समजू नये. ब्राझील देशातील गोयानिया शहरात १९८५ च्या अखेरीस एक खासगी उपचारकेंद्र दुसऱ्या जागी गेले आणि सीझियम-१३७ असलेले जुने यंत्र मागे सोडून गेले. परवाना देणाऱ्या संस्थेस त्यांनी कळविलेही नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये दोन गरीब माणसांनी त्या पडक्या वास्तूतून यंत्राचा भाग काढला व भंगारवाल्यास विकला. आतील भुकटी अंधारात निळसर चमकत होती. त्या माणसाने कौतुकाने ती आप्तांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीच्या अंगास ती लागली, जेवताना तिच्या पोटातही गेली. घरातील माणसे एकामागून एक आजारी पडू लागली तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीने या चमकत्या वस्तूवर संशय घेतला आणि ती वस्तू पिशवीत घालून सार्वजनिक बसने आरोग्यखात्याच्या कार्यालयात नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने मोजयंत्र मागून आणले. ते सुरू करताच काटा टोकास गेला. यंत्र बिघडले असे समजून त्याने दुसरे आणले. त्याचाही काटा टोकास गेला. तेव्हा शहर जागे झाले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर वा अंगात किरणोत्सार आढळला, चार जण मृत्यू पावले. ती लहान मुलगी, ती स्त्री, आणि भंगाराच्या वखारीतील दोन तरुण नोकर, असे ते चार होत. हजारोंचे प्राण वाचविणारा पहिला संशय त्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रीचा होता. यंत्र तिच्या मागून आले.

आता याच्या उलट चित्र पाहा. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस या शहरात १९८३ च्या अखेरीस एका रुग्णालयाच्या कोठारातील यंत्र असेच भंगारात गेले. त्यात कोबाल्ट-६० चे बारीक बारीक असे सुमारे सहा हजार दाणे होते. ते लोखंडाबरोबर भट्टीत वितळले आणि त्याच्या इमारतीच्या सळया व टेबलांचे पाय झाले. भंगाराच्या वखारीत कोणास काही कळले नाही, भट्टीवर कळले नाही, सरहद्दीवर कळले नाही. जानेवारी १९८४ मध्ये त्या सळया नेणारी एक मालमोटार वाट चुकून अमेरिकेतील लॉस अलामॉस या अणुप्रयोगशाळेच्या दाराशी गेली आणि तेथील यंत्र वाजू लागले. ज्या प्रयोगशाळेत पहिला अणुबाँब तयार झाला तिच्या दाराशी मोटार योगायोगाने गेली म्हणून सत्य उघड झाले! ती वाट चुकली नसती तर?

२००८ साली फ्रान्समध्ये उद्वाहनाची बटणे बनविणाऱ्या एका कारखान्यातील मालात कोबाल्ट-६० सापडला. बटणांचे भाग भारतातून गेले होते आणि त्यांचे पोलाद महाराष्ट्रातील एका ओतकारखान्यात भंगार वितळवून तयार झालेले होते. फ्रान्समधील वीस कामगारांना सर्वसाधारण नागरिकासाठी ठरविलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा अधिक किरण लागले, असे तेथील नियामक संस्थेने जाहीर केले. बटणे परत घेण्यात आली. योग्यच झाले. परंतु जे बटणात उतरले ते आधी आमच्या भंगाराच्या ढिगात होते, आमच्या भट्टीत होते. ते उचलणारा, तोडणारा, भट्टीत लोटणारा मजूर कोण होता? त्याला किती किरण लागले? त्याचा आकडा कोणत्या जाहीरनाम्यात आहे? २०२५ साली इंडोनेशियातून आलेल्या कोळंबीच्या पेट्यांत सीझियम-१३७ अमेरिकेच्या बंदरांत आढळला, आणि शोध घेता माग त्या देशातील एका औद्योगिक वसाहतीतील भंगार वितळविणाऱ्या कारखान्यापर्यंत जाऊन पोचला. येथेही प्रथम तपासली गेली ती खाणाऱ्याची वस्तू; राबणाऱ्याचा परिसर नंतर तपासला गेला.

या सर्व उदाहरणांतून एकच निष्कर्ष निघतो. यंत्र उभे आहे ते विकत घेणाराच्या दारात. उचलणाऱ्याच्या दारात ते नाही. माल सुरक्षित आहे की नाही हे पाहण्याची काळजी आहे. माणूस सुरक्षित आहे की नाही हे पाहण्याची नाही. आपल्या देशाचाच दाखला घ्या. २००४ साली गाझियाबादजवळ परदेशातून आलेल्या भंगारातील दारूगोळ्याचा भट्टीत स्फोट होऊन मजूर दगावले. त्यानंतर परदेशी भंगाराबरोबर, त्यात शस्त्रास्त्रे व किरणोत्सारी पदार्थ नाहीत असा तपासणीचा दाखला हवा, असा नियम झाला. नियम चांगला होता. परंतु सहाच वर्षांनी मायापुरीत जो मृत्यू आला तो बोटीने आला नाही. तो त्याच शहरातील विद्येच्या मंदिरातून लिलावाच्या पावतीसह आला. परक्याकडून दाखला मागणाऱ्यांनी आपल्या घरातील प्रतिष्ठितांकडून दाखला मागितला नाही. उच्चासनावर बसलेला मनुष्य घाण करीत नाही आणि खाली बसलेलाच घाणेरडा असतो, ही जी या देशाची जुनी श्रद्धा आहे, तीच येथे सरकारी कारभारात शिरलेली आम्हांस दिसते.

यावर आमच्याशी वाद घालणारे काय म्हणतात?

ते म्हणतात, हा अपघात होता, कोणाचा हेतू नव्हता. हेतू नव्हता हे मान्य. पण कायदा हेतूवर थांबत नाही. १९८७ च्या नियमांनी अधिकृत परवानगीवाचून किरणोत्सारी टाकाऊ वस्तूची विल्हेवाट लावण्यास मनाई केलेली होती. १९६२ चा अणुऊर्जा कायदा त्या वेळी अमलात होता. नियम कागदावर होता, यंत्र खोलीत होते, आणि दोघांची भेट घडवून आणणारा कोणी नव्हता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात, वापरून झालेले किरणोत्सारी स्रोत खरोखरच सुरक्षितपणे निकालात निघाले की नाही हे पडताळून पाहण्याची योग्य व्यवस्था नियामक मंडळाजवळ नाही, असा ठपका ठेवला. असा ठपका ज्या व्यवस्थेवर येतो, तिच्यात घडणाऱ्या गोष्टीस अपघात म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय.

ते म्हणतात, कामगार अडाणी होते, त्यांनी यंत्र फोडावयास नको होते. वाहवा! ज्यांनी ते यंत्र विकले ते रसायनशास्त्राचे ज्ञाते होते. विद्वानाने विसरावे आणि अडाण्याने ओळखावे, हा न्याय कोणत्या स्मृतीतला? ज्ञान ज्याच्याजवळ अधिक, त्याची जबाबदारी अधिक, हे साधे नीतितत्त्व आहे. आपल्या देशात मात्र ज्ञान एकाजवळ ठेवावयाचे व त्याच्या अभावाची शिक्षा दुसऱ्यास द्यावयाची, ही रीत शतकानुशतके चालत आलेली आहे.

ते म्हणतात, प्रत्येक भंगार बाजाराशी यंत्र बसविणे खर्चाचे आहे. खर्चाची भाषा आम्हांस समजते. म्हणून आम्ही विचारतो, जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतून निघालेल्या मालमोटारीतून सीझियमची एक लहानशी कुपी वाटेत पडली. तिची लांबी ८ मिलीमीटर व जाडी ६ मिलीमीटर. म्हणजे बोटाच्या नखाहून मोठी नाही. सुमारे १,४०० किलोमीटरच्या रस्त्यावर सरकारने शोधपथके लावली आणि १ फेब्रुवारीस, चालत्या गाडीत बसविलेल्या यंत्राच्या साहाय्याने रस्त्याच्या कडेला ती शोधून काढली. तेथे वस्ती विरळ, मृत्यू एकही नाही, तरीही एवढा प्रयत्न झाला. मग जेथे दाट वस्ती आहे, जेथे मृत्यू घडलेला आहे, तेथे खर्चाचे रडगाणे का? आणि भट्टीत एक स्रोत वितळला तर कारखाना बंद, माल परत, राख विषारी, असा जो खर्च होतो त्यापुढे दाराशी एक कमान उभारणे कितीसे महाग? १९९८ साली स्पेनमधील एका पोलाद कारखान्यात सीझियमचा स्रोत वितळला. त्याचा अंश फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनी या देशांच्या हवेत आढळला. दुसऱ्याच वर्षी तेथे सरकार, नियामक संस्था, पोलाद व भंगार व्यवसाय यांनी तपासणीचा करार केला आणि कामगार संघटनाही त्या करारात सामील झाल्या. जेथे कामगाराचा हात करारावर असतो तेथे त्याचा हात विषावर पडण्याचा संभव कमी होतो.

आता कायद्याची बाजू. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये जे तत्त्व घालून दिले ते प्रत्येक कष्टकऱ्याने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. जो धोकादायक उद्योग करतो त्याची जबाबदारी संपूर्ण आहे आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. 'मी काळजी घेतली होती', 'दैवी कोप झाला', 'तिसऱ्याने चूक केली' असे बचाव तेथे चालत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की, लिलावाची पावती फाडली म्हणून जबाबदारी फाटत नाही. धातू विकता येतो. कर्तव्य विकता येत नाही. त्या तत्त्वाच्या प्रकाशात पाहिले तर किरणोत्सारी स्रोत ज्या संस्थेने घेतला ती संस्था, तो सुरक्षित हाती परत दिल्याचा दाखला मिळेपर्यंत, त्याची वारस होय. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेला जीविताचा हक्क वखारीच्या दाराशी संपत नाही.

येथपर्यंत इतरांस बोललो. आता थोडे आपल्या माणसांस बोलावयाचे आहे, आणि ते कटू लागले तरी बोलले पाहिजे.

आपल्यांतील काही सुशिक्षित म्हणतात, बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे सोडा, घाणेरडे धंदे टाका, असे सांगितले. मग भंगारातील हक्कांची भाषा कशाला? या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. ती कामे सोडणे हेच ध्येय आहे यात शंका नाही. पण पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली तेव्हा तिच्यात बहुसंख्य कोण होत्या? आपल्याच आयाबहिणी होत्या. धर्मांतराने मनाची बेडी तुटते. पोटाची बेडी तुटण्यास पिढी लागते. त्या मधल्या काळात जी बहीण रोज सकाळी पिशवी घेऊन निघते, तिचा जीविताचा हक्क आपण स्थगित ठेवावयाचा काय? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. खाणीत उतरू नका एवढेच सांगून ते थांबले नाहीत. खाणीत उतरणाऱ्या स्त्रीसाठी कायदा करण्यास त्यांनी हात घातला. हाच मार्ग आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आज आपल्या घरांतील मुले विद्यापीठांत, रुग्णालयांत, कारखान्यांत नोकरीस आहेत. कोणी भांडारपाल आहे, कोणी लिपिक, कोणी प्राध्यापक, कोणी अभियंता. जुन्या सामानाच्या यादीवर आज आपलीही सही होते. त्या यादीत काय आहे हे न पाहता सही केली, तर मायापुरीच्या यादीवर सही करणाऱ्यात व आपणांत अंतर काय राहिले? खालून वर गेलेल्या मनुष्याने वरून खाली विष टाकू नये. हे आपल्याला दुसऱ्याने शिकवावे लागू नये.

तिसरी गोष्ट. गोयानियात त्या सहा वर्षांच्या मुलीस शिशाच्या शवपेटीत पुरावयास नेले तेव्हा दोन हजारांवर लोक स्मशानभूमीच्या वाटेवर जमले आणि त्यांनी दगड फेकले. आमच्या मातीत हे प्रेत नको, अशी त्यांची ओरड होती. आमच्या पाणवठ्यावर, आमच्या मसणवट्यात तुम्ही नको, ही ओरड आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलेली आहे. म्हणून शास्त्र काय सांगते ते नीट समजून घ्या. ज्याच्या अंगावरून केवळ किरण गेले तो मनुष्य स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याला शिवल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने कोणास काही होत नाही. अंगावर किरणोत्सारी धूळ बसली असेल तर कपडे काढून, अंग धुऊन ती बव्हंशी निघून जाते. पोटात गेली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीची गरज असते. बहिष्काराची गरज कशातच नसते. उद्या आपल्या वस्तीत असा प्रसंग ओढवला तर आपल्या हातून तरी नवी अस्पृश्यता निर्माण होऊ नये.

जे भंगार उचलतात त्यांनी इतके लक्षात ठेवावे. पिवळ्या पाटीवर मध्यबिंदूभोवती तीन पाती असलेले चिन्ह म्हणजे किरणोत्सर्गाची खूण होय. २००७ पासून अधिक धोकादायक स्रोतांसाठी लाल रंगाचे आणखी एक चिन्ह ठरले आहे. त्यात किरण, कवटी व पळणारा मनुष्य दाखविलेला आहे. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळावे म्हणून भारतासह अकरा देशांतील लोकांस दाखवून ते पसंत केले गेले. आकाराच्या मानाने फार जड, शिशाने मढविलेली, जाड पोलादी डबी वा नळी आढळली तर ती फोडू नये, कापू नये, खिशात वा घरात ठेवू नये. ताबडतोब दूर व्हावे. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो. म्हणून लांब जाणे हेच पहिले औषध. मग इतरांस दूर ठेवून पोलिसांस व अग्निशमन दलास कळवावे. चिन्ह पुसलेले असले तरी संशय घेण्यास लाजू नये. गोयानियातील त्या स्त्रीने संशय घेतला म्हणून शहर वाचले.

परंतु चिन्ह ओळखणे हा कामगाराचा शेवटचा उपाय आहे, मालकाची सुटका नव्हे. शिशाच्या आवरणात असलेला स्रोत कमानीच्या यंत्रासही चकवू शकतो. म्हणून पहारा एका ठिकाणी ठेवून भागणार नाही. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, ज्या संस्थेजवळ किरणोत्सारी स्रोत आहे तिच्या कोणत्याही जुन्या यंत्रसामग्रीचा लिलाव, त्यात असा स्रोत नाही या लेखी दाखल्यावाचून होऊ नये, आणि दाखल्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे.

दोन, मोठ्या भंगार बाजारांच्या तोंडाशी, पोलाद भट्ट्यांच्या दारांशी आणि नगरपालिकांच्या कचरा डेपोंवर तपासणीची यंत्रे सार्वजनिक खर्चाने बसवावीत. जेथे धातू कापला जातो तेथे हातयंत्र असावे, व ते वापरण्याचे शिक्षण तेथील कामगारांतूनच निवडलेल्यांस द्यावे.

तीन, जो असा पदार्थ आणून दाखवील वा त्याची खबर देईल त्याच्यावर गुन्हा लादू नये. त्याची मजुरी बुडू नये, उलट भरपाई मिळावी. भुकेल्या माणसास खरे बोलण्याचा दंड होत असेल तर तो खोटे बोलेल, आणि त्यात दोष त्याचा नाही.

चार, ज्यास किरण लागले त्याची आयुष्यभर वैद्यकीय तपासणी व त्याच्या कुटुंबाचे पालन ही स्रोताच्या मालकाची जबाबदारी ठरावी; मालक सापडला नाही तर ती राज्याची. बेवारस जमीन जर सरकारजमा होते, तर बेवारस धातूचे पापही सरकारजमा झालेच पाहिजे.

दया मागण्यासाठी हे लिहिलेले नाही. दयेने फार तर औषध मिळते; हक्काने यंत्र मिळते. प्रत्येक वस्तीतील मंडळाने हा मजकूर भंगाराच्या दुकानात, कचरा वेचणाऱ्या भगिनींच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. आपल्या गावच्या नगरपालिकेस लेखी अर्ज करून विचारावे की आमच्या कचरा डेपोवर किरणोत्सर्ग ओळखण्याची व्यवस्था कोणती आहे, आणि लेखी उत्तर घ्यावे. उत्तर आले नाही तर पुन्हा अर्ज करावा. जी वस्तू अणुभट्टीत क्रमांक घेऊन जन्मते तिचा हिशेब ठेवणे ज्या राज्यास शक्य आहे, त्या राज्यास ती वस्तू उचलणाऱ्या माणसाचाही हिशेब द्यावा लागेल.